बीवायूला शिकायला जाताय? चहा पावडर घरी ठेवा, सुंठ-वेलदोडे बरोबर घ्या

ॲडमिशनचे मेल यायला लागले की दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, दादा ते युटामधलं मॉर्मन कॉलेज, ब्रिगहम यंग युनिव्हर्सिटी म्हणजे बीवायू, तिथली फी बरीच कमी दिसतेय, पण आपण हिंदू, आपल्याला घेतात का, घेतलं तर धर्म बदलायला लावतात का, आणि चहा खरंच बंद आहे का? तर घेतात. धर्म बदलायची सक्ती कोणी करत नाही. आणि हो, चहा खरंच बंद आहे. मी तिथे, प्रोव्होला, दोन वर्षं राहून मास्टर्स केलं आणि ते गाव मला अजून जिवाभावाचं आहे, म्हणून प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

आधी कुठे जाताय ते समजून घ्या. प्रोव्हो सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला गाडीने तासाभरावर, वासॅचच्या डोंगररांगेला अगदी चिकटून आहे. कॉलेज १८७५ चं. विद्यार्थी ३५ हजारांच्या आसपास आणि जवळजवळ सगळे एकाच चर्चचे, 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'चे, मेंबर, शंभरात एखाद-दुसराच बाहेरचा. तो एखाद-दुसरा आता तुम्ही. त्यामुळे तिथल्या कितीतरी मुलांना भेटलेला पहिला हिंदू तुम्हीच असणार, आणि तुम्हाला प्रश्न विचारले जाणार, पुनर्जन्म, मूर्तिपूजा, गाय, सगळं. चिडू नका, ती मुलं मनापासून विचारतात. आणि तुम्हीही विचारा. अजून एक, 'मॉर्मन' हा शब्द शक्यतो टाळा. २०१८ मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं की चर्चचं पूर्ण नाव घ्या, टोपणनाव नको, तेव्हापासून तिथले लोक स्वतःबद्दल 'चर्चचे मेंबर' किंवा 'लॅटर-डे सेंट' असं म्हणतात. तुम्ही मॉर्मन म्हणालात तर कोणी रागावणार नाही, पण आपलं नाव कोणी नीट घेतलं की बरं वाटतंच ना, तसंच ते.

फीचं गणित असं की चर्चचे मेंबर आपल्या कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देतात आणि कॉलेजचा मोठा खर्च त्यातून निघतो, म्हणून मेंबरांच्या मुलांना फी कमी आणि बाहेरच्यांना दुप्पट. बॅचलर्सची दुप्पट फीसुद्धा अमेरिकेतल्या बऱ्याच खाजगी कॉलेजांपेक्षा कितीतरी कमी पडते. पण हिशोब करताना दुप्पटचा आकडा धरा, वेबसाइटवर पहिला दिसतो तो नाही, कारण बँकेच्या लोनचे कागद त्याच आकड्यावर होतात आणि नंतर धावपळ होते.

आता मुख्य गोष्ट, ऑनर कोड. ॲडमिशन घेताना त्यावर सही करावी लागते. दारू, सिगारेट, व्हेप, गांजा, चहा, कॉफी बंद. लग्नाआधी शरीरसंबंध नाही. कॉपी नाही, खोटं नाही. शिव्या नाहीत. कपडे साधे, अंग झाकणारे. मुलांनी दाढी ठेवायची नाही. २०२३ मध्ये हे नियम नव्याने लिहिले गेले आणि कपड्यांबद्दलचा बारीकसारीक तपशील कमी झाला, पण दाढी आणि चहा-कॉफीवरची बंदी तशीच राहिली. शिवाय दरवर्षी 'एंडोर्समेंट' लागते, म्हणजे एखाद्या धर्मगुरूने तुमच्याशी बोलून सही करायची की हा मुलगा नियम पाळतोय. मेंबर नसलात तर तुमच्या राहत्या भागातल्या वॉर्डचे, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीचे, बिशप, कॉलेजचे चॅप्लेन किंवा तुमच्या स्वतःच्या धर्मातले कोणी, यापैकी एकाकडून ती घेता येते.

बिशप म्हटल्यावर मी झगा घातलेले, गळ्यात क्रॉस असलेले कोणीतरी डोळ्यांसमोर आणले होते. भेटले ते दिवसा अकाउंटंटचं काम करणारे, चार मुलांचे वडील, शर्टाच्या बाह्या दुमडून बसलेले. या चर्चमध्ये गावपातळीवर पगारी धर्मगुरू नसतो, आपल्यातल्याच एखाद्याला काही वर्षांसाठी ती जबाबदारी देतात आणि तो नोकरी सांभाळून फुकट करतो. त्यांनी मला नियम एकेक करून विचारले, मी हो म्हणालो, मग म्हणाले, तुझ्या घरी देवाची प्रार्थना कशी करतात, मला ऐकायला आवडेल. मी रामरक्षेच्या चार ओळी म्हटल्या. ते डोळे मिटून ऐकत होते. त्या इंटरव्ह्यूला घाबरू नका, पण एक नक्की करा, जे पाळणार नाही त्याला हो म्हणू नका. मला या सगळ्या लेखात सांगायचंय ते हेच आहे खरं तर. नियम आवडणं न आवडणं वेगळं, तुम्ही त्यावर सही केलीय. पटत नसेल तर दुसरीकडे जा, अमेरिकेत कॉलेजं भरपूर आहेत, पण सही करून मग खोलीचं दार लावून चोरून चहा उकळायचा, असं दोन वर्षं काढणं माणसाला आतून पोखरतं, मी पाहिलंय.

चहावर जरा सविस्तर बोलतो कारण सगळ्यांचं अडतं तिथेच. आमच्या साताऱ्याच्या घरी सकाळी दोन वेळा आणि चारला एकदा, असा लहानपणापासून ठरलेला चहा. निघायच्या आदल्या रात्री आईने बॅगेत चहा पावडरचा पुडा घातला आणि म्हणाली, खोलीत बसून प्यायलास तर कोणाला कळणारे. बाबा पेपर वाचत होते, मान वर न करता म्हणाले, अगं पण त्याने सही केलीय. आईने काही न बोलता पुडा काढला आणि त्या जागेत सुंठ, वेलदोडे आणि गवती चहा सुकवून बांधलेली पुरचुंडी कोंबली. त्या पुरचुंडीवर मी दोन वर्षं काढली.

कारण बंदी चहाच्या झाडाच्या पानाला आहे. १८३३ साली त्यांच्या धर्मसंस्थापकाने, जोसेफ स्मिथने, सांगितलेल्या आरोग्याच्या नियमांमध्ये 'गरम पेयं' नकोत असं आहे आणि त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा लावला जातो. म्हणजे काळा चहा, ग्रीन टी, आइस्ड टी, माचा सगळं बंद, थंड असलं तरी. 'चाय' नावाने मिळणाऱ्या पेयांत आणि आइस्क्रीममध्ये चहा असू शकतो, वाचून घ्या. पण हर्बल चालतं. तर गवती चहा, आलं किंवा सुंठ, वेलदोडा, चार तुळशीची पानं मिळाली तर, पाण्यात चांगलं उकळून मग दूध आणि साखर, गाळून कपात. रंग येत नाही हे खरं, पण वास येतो, आणि डिसेंबरमध्ये बाहेर बर्फ पडत असताना त्या वासाने घर आठवतं. माझा रूममेट पहिल्यांदा दारातच थांबला आणि काळजीने विचारायला लागला हे काय आहे, मी त्याला एकेक वस्तू हातात देऊन दाखवली, त्याने वेलदोडा दाताखाली फोडला आणि मग आमच्या घरात रोज दोन कप व्हायला लागले. निघायच्या आधी महिनाभर चहा हळूहळू कमी करा हे मात्र लक्षात ठेवा. एकदम सोडला तर पहिला आठवडा डोकं धरून बसावं लागतं, आणि तोच आठवडा ओरिएंटेशनचा असतो.

कॅफिनला धर्मात बंदी नाही, हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. कॅम्पसवर कॅफिनवाले कोक-पेप्सी मिळत नव्हते, २०१७ पासून मिळायला लागले. आणि गावात तर सोड्याची दुकानं आपल्याकडच्या चहाच्या टपऱ्यांसारखी आहेत, कोकमध्ये नारळाचं सिरप, क्रीम, लिंबू असं घालून मोठ्या ग्लासात देतात, त्याला डर्टी सोडा म्हणतात. अभ्यासाच्या मध्ये, भांडण मिटवायला, डेटवर, सगळीकडे सोडा. 'चल चहा घेऊ' या वाक्याची जागा तिथे सोड्याने घेतलीय, कोणी बोलावलं तर नाही म्हणू नका, नुसतं लिंबू-पाणी घेतलंत तरी चालतं, बोलणं महत्त्वाचं. कॉलेजच्या स्वतःच्या डेअरीचं दुकान आहे, क्रीमरी, तिथलं चॉकलेट मिल्क आणि आइस्क्रीम जरूर घ्या. शाकाहारी असाल तर स्वयंपाक शिकून जा, कुकर न्या.

दाढीचं. मिशी चालते, दाढी नाही, म्हणजे रोज घोटून. आजारपणासाठी, नाटक-सिनेमातल्या कामासाठी आणि २०१५ पासून धार्मिक कारणासाठीही सूट मिळते, त्यामुळे शीख मित्रांनी किंवा मुस्लिम मित्रांनी आधीच अर्ज करावा, वर्ग सुरू झाल्यावर नाही. बाकीच्यांनी चांगला ट्रिमर आणि रेझर घेऊन जा आणि परीक्षेच्या आठवड्यात विसरू नका. दाढी वाढलेली म्हणून परीक्षेला आत घेतलं नाही, जा करून ये म्हणून परत पाठवलं, अशा गोष्टी सीनियर सांगतात.

परीक्षेवरून आठवलं, टेस्टिंग सेंटर. हे मी इतर कुठेच पाहिलं नाही. ग्रँट बिल्डिंग म्हणून १९२५ ची जुनी लायब्ररी आहे, तिच्यात परीक्षेचे मोठमोठे हॉल. पेपर वर्गात होत नाही, सर सांगतात पेपर सोमवार ते गुरुवार सेंटरमध्ये आहे, तुम्ही तुमच्या सोयीने जायचं, आयडी दाखवायचं, पेपर घ्यायचा, बसायचं. शेजारचा मुलगा केमिस्ट्री लिहीत असतो आणि पलीकडची मुलगी इतिहास. हळू आवाजात शास्त्रीय संगीत चालू असलेली एक वेगळी खोलीही आहे. पर्यायवाला पेपर असेल तर बाहेर पडताना स्क्रीनवर तुमचा स्कोअर येतो, आणि तिथे उभं राहून स्क्रीनकडे बघणारे चेहरे, ते मला अजून दिसतात. यात फसण्यासारखं एकच, सोय तुमची म्हणून तुम्ही शेवटच्या दिवसावर ढकलता, आणि हजारो मुलांनी तेच केलेलं असतं, जिन्यावरून खाली रांग. शेवटच्या दिवशी जास्तीचे पैसेही पडतात. पेपर लागला की दुसऱ्याच दिवशी सकाळी जाऊन मोकळे व्हा.

रविवार म्हणजे रविवार. लायब्ररी बंद, कॅम्पस शांत, गावातली बरीच दुकानं बंद, सॉल्ट लेकला जाणारी फ्रंटरनर ट्रेनसुद्धा रविवारी नसते. कॉलेजची टीम रविवारी मॅच खेळत नाही. भाजी-दूध शनिवारी भरून ठेवा, असाइनमेंटची पुस्तकं शनिवारीच आणा. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपवास असतो, दोन वेळचं जेवण सोडायचं, पाणीही नाही, आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. मी त्यांना आपली संकष्टी आणि निर्जळी एकादशी समजावली तर त्यांना इतका आनंद झाला की विचारू नका, फक्त साबुदाण्याच्या खिचडीचा उपवास कसा होतो ते त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. मंगळवारी सकाळी ११:०५ ला डिव्होशनल, म्हणजे मॅरियट सेंटर नावाच्या बास्केटबॉलच्या प्रचंड स्टेडियममध्ये व्याख्यान, त्या वेळी वर्ग ठेवत नाहीत. सक्ती नाही, पण दोन-चार वेळा जाऊन बघा, हजारो मुलं एका सुरात गाणं म्हणतात तेव्हा अंगावर काटा येतो. बॅचलर्सला असाल तर धर्माचे १४ क्रेडिट घ्यावेच लागतात, त्यात बुक ऑफ मॉर्मन हा त्यांचा धर्मग्रंथही आला. अभ्यास म्हणून नीट करा, त्या वर्गात मेंबर नसलेल्याने विचारलेले प्रश्न बऱ्याच सरांना आवडतात. काही वर्गांची सुरुवात प्रार्थनेने होते, आपण शांत उभं राहायचं किंवा बसायचं, बस.

आणि राष्ट्रगीत. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी मी लायब्ररीतून बाहेर आलो, चौकात भरपूर गर्दी, आणि अचानक सगळे जागच्या जागी थांबले. स्केटबोर्डवरचा मुलगा खाली उतरला, फोनवर बोलणारीने फोन खाली केला, अर्धं चावलेलं सँडविच हातात धरून एकजण तसाच उभा. मग लक्षात आलं झेंडा उतरवतायत, स्पीकरवर राष्ट्रगीत लागलंय. संपलं आणि सगळे जसे होते तसे पुन्हा चालायला लागले. सकाळी झेंडा चढवतानाही असंच. तुम्हीही थांबा.

अजून एक नवल म्हणजे भाषा. तिथली पुष्कळ मुलं मिशनवर जाऊन आलेली असतात, मुलं दोन वर्षं, मुली दीड वर्षं, चर्च पाठवेल त्या देशात, स्वतःच्या खर्चाने, आणि जायच्या आधी भाषा शिकायला जे केंद्र आहे ते कॅम्पसच्या शेजारीच. त्यामुळे वर्गातला निळ्या डोळ्यांचा मुलगा फाडफाड पोर्तुगीज किंवा कोरियन बोलतो. मला एकदा एकाने तेलुगूत हाक मारली, हैदराबाद आणि विशाखापट्टणममध्ये राहून आला होता, मला तेलुगू येत नाही म्हटल्यावर बिचारा हिरमुसला, मग आम्ही पेसरट्टूवर, म्हणजे तिकडच्या मुगाच्या डोशावर, तासभर बोललो. मिशनरी तरुण तुमच्या दारातही येणार. पहिल्या वेळी प्रेमाने पण स्पष्ट सांगा, ऐकायला आवडेल किंवा नको, जे असेल ते. 'बघू', 'नंतर' असं आपल्या सवयीने म्हणाल तर ते खरंच नंतर येतात, कारण त्यांना ते होच वाटतं.

हाच स्पष्टपणा डेटिंगमध्ये दुपटीने लागतो. तिथे लग्नं लवकर होतात, कॅम्पसवर बाबागाडी ढकलत वर्गाला जाणारी जोडपी दिसतात, 'रिंग बाय स्प्रिंग', म्हणजे वसंतापर्यंत बोटात अंगठी, ही म्हणच आहे, आणि तीन-चार भेटी झाल्या की डीटीआर होतं म्हणजे आपलं नेमकं काय चाललंय ते बसून ठरवायचं. एखादी डेट म्हणजे काही वचन नाही, मुलं सहज विचारतात. पण त्यांच्यातलं टेंपलमधलं लग्न फक्त मेंबर-मेंबरचं होतं, आणि ते त्यांच्या श्रद्धेत या जन्मापुरतं नसून कायमचं असतं. तुमची श्रद्धा वेगळी असेल तर पहिल्या-दुसऱ्या भेटीतच सांगा, समोरच्याचं मन त्यात गुंतलेलं असतं. राहायच्या जागी मुलांच्या बेडरूममध्ये मुली आणि मुलींच्या बेडरूममध्ये मुलं चालत नाहीत, आणि रात्री ठराविक वेळेनंतर घरात पाहुणेही नाहीत.

दोन गोष्टी गंभीरपणे. समलिंगी नात्याला, नुसत्या डेटिंगलाही, या कॉलेजात मनाई आहे आणि २०२३ च्या नियमांत ते पुन्हा स्पष्ट लिहिलंय. हा प्रश्न तुमचा असेल तर फी कमी आहे म्हणून जाऊ नका, कळकळीने सांगतोय, तिथली काही वर्षं फार एकटी जातील. दुसरं, कोणावर लैंगिक अत्याचार झाला आणि त्या वेळी त्या व्यक्तीने दारू प्यायली होती किंवा वेळेचा नियम मोडला होता, तर तक्रार करायला घाबरू नये. २०१६ मध्ये यावरून मोठा गदारोळ झाला आणि त्यानंतर तक्रार करणाऱ्याला ऑनर कोडखाली शिक्षा होऊ नये असा नियम झाला. मैत्रिणींना हे सांगून ठेवा.

आता गोड भाग. शेजारी, वॉर्डातले लोक, सोमवारी संध्याकाळी होम ईव्हनिंगला जमणारा ग्रुप, कोणी ना कोणी कुकीज किंवा ब्राउनी घेऊन येतं, तुम्ही मेंबर नसलात तरी. ताट घ्या आणि आपल्या पद्धतीने वागा, भांडं रिकामं परत द्यायचं नाही. मी एका आजींच्या ताटात पोह्यांचा चिवडा घालून परत दिला, नंतर दर महिन्याला तेच ताट, तिकडून दालचिनीचे रोल आणि इकडून कधी चिवडा, कधी शंकरपाळे, असं दोन वर्षं चाललं. आईला फोनवर ते ताट दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, बरी माणसं आहेत रे.

देवदर्शनाची आठवण आली तर प्रोव्होच्या दक्षिणेला, गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर स्पॅनिश फोर्कला टेकडीवर राधाकृष्णाचं देऊळ आहे, इस्कॉनचं, पांढऱ्या घुमटांचं, आवारात मोर आणि लामा फिरतात. ते बांधताना चर्चच्या लोकांनी पैशांची आणि हातांची मदत केली होती. मार्चअखेर तिथे होळीचे रंग खेळतात, हजारोंच्या गर्दीत बीवायूची मुलं भरपूर असतात कारण भांग-दारू काही नाही, नुसते रंग आणि कीर्तन. तुमच्या ग्रुपला तुम्हीच घेऊन जा, आणि आदल्या दिवशी केसांना खोबरेल लावायला सांगा, ते त्यांना माहीत नसतं.

आणि कॅम्पसमागच्या डोंगरावरचा पांढरा वाय, म्हणजे इंग्रजी Y. १९०६ मध्ये मुलांनी तो घातला, ३८० फूट उंच अक्षर, गावातून कुठूनही दिसतं. वाट दीड-दोन किलोमीटरची, पण खडी चढण आणि बारा वळणं, सावली जवळजवळ नाही. प्रोव्हो आधीच साडेचार हजार फुटांवर आहे आणि हवा एकदम कोरडी, आपल्याकडचे ट्रेकर असलात तरी पहिल्या महिन्यात दम लागतो, काहींना नाकातून रक्तही येतं, म्हणून महिनाभर थांबून मगच जा. सूर्य मावळायच्या तासभर आधी निघालात तर वरून युटा लेक लाल होताना दिसतो. टॉर्च न्या, आणि बाटली खालीच भरून घ्या.